वहीत मोडलेली जोडी

आई जाऊन पंधरा दिवस झाले आणि तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला.

बाप तेव्हा मिठागरात, वाफ्यात होता. आभाळ चार दिवस दाटून होतं. दोन्ही वाफ्यांत मीठ धरलं होतं, बोटभर जाडीचं. ते ओढून बांधावर ढीग लागायच्या आत एक सर जरी आली असती, तरी सगळ्या हंगामाचं पाणी झालं असतं. लेक शहरात शाळेवर शिकवायची. आईच्या दुखण्यात आली ती अजून परत गेली नव्हती. बापाचा डबा न्यायला म्हणून ती घरी आली, तर उंबऱ्याशी एक म्हातारा उभा. उंच, कमरेत वाकलेला, हाताची बोटं चुन्यानं खाल्लेली. तिच्याकडे न बघता तो भिंतीकडे बघत होता. अंगठा गिलाव्यात रुतवून त्यानं एक खपली काढली.

"खारी हवा खाते भिंतीला," तो म्हणाला. "कुणी बांधली?"

"माझ्या बाबांनी. कोण पाहिजे तुम्हाला?"

"पाहिजे होती ती गेली म्हणे." त्यानं खपली पायाखाली चुरडली. "गवंडी म्हणतात मला. तुझी आई माझी बायको."

"होती. माहीत आहे मला. माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे ती."

"मेली म्हणून होती म्हणायचं. मरेपर्यंत होतीच."

त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. लग्नाच्या नोंदीची नक्कल, शिक्का ताजा. लेकीनं ती उभ्या उभ्या वाचली. आईचं नाव तिनं अशा अक्षरात, अशा माणसाच्या नावाशेजारी कधी पाहिलं नव्हतं.

"मोडल्याची नोंद कुठेच नाही," गवंडी म्हणाला. "कचेरीत विचारून आलोय. साहेब म्हणाला, भिंत पाडली नाही म्हणजे ती उभी आहे. दोन वाफे तिच्या नावावर आहेत ना? अर्धं नवऱ्याचं, अर्धं लेकराचं. तुझ्या अर्ध्याला मी नाही म्हणत नाही. लेकरू ते लेकरू, कुणाचं का असेना."

"आणि बाबा?"

"तो कोण?"

ती डबा घेऊन बांधावरून निघाली. तो मागोमाग. तिनं पाय उचलले, तसे त्यानंही उचलले. म्हातारा असून बांधावर त्याचा पाय घसरत नव्हता. या बांधांवर चाललेली पावलं होती ती.

बाप घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा राहून दाताळ्यानं मीठ ओढत होता. आईच्या दुखण्यापासून तो एकटाच ओढायचा आणि एकटाच पाट्या वाहायचा. आधी दहा हात ओढायचं, मग दाताळं टाकून पाटी भरायची, चुंबळ सावरून ती डोक्यावर घ्यायची, बांधावर रिकामी करायची, परत यायचं. दोघांचं काम एकटा करतो तेव्हा ते दुप्पट होत नाही, चौपट होतं. त्याच्या पोटऱ्यांवरच्या भेगांत मीठ बसलं होतं.

त्यानं मान वर केली आणि दाताळं ओढत राहिला.

"ओळखलंस का?" गवंडी बांधावरून म्हणाला.

"चालीवरून ओळखलं. कशाला आलास?"

"बायको मेली माझी. भेटायला आलो."

"तीस वर्षं आठवली नाही."

"तू होतास ना सांभाळायला. राखणदार असला की मालक निवांत झोपतो."

बापानं दाताळं थांबवलं. "जोडी मोडली होती. वहीत. तुझा अंगठा आहे, तिचा आहे. मी तिथेच उभा होतो."

"ती कामाची वही रे."

कंपनीच्या वेळी मिठागरात काम जोडीनं चालायचं. एकानं ओढायचं, एकानं वाहायचं. दोघांत एक दाताळं, एक पाटी, राहायला एक खोली आणि वहीत एक ओळ. जोडी म्हणजे नवरा-बायको. कुणाचं पटेनासं झालं की दोघांनी कारकुनापुढे जाऊन दाताळं-पाटी जमा करायची. कारकून त्या ओळीवर तांबडी रेघ मारायचा, शेजारी दोन अंगठे घ्यायचा. झालं. मग ज्यानं त्यानं दुसरी जोडी लावायला मोकळं. याहून वेगळ्या रीतीनं लग्न मोडतं हे मिठागरात कुणी ऐकलंच नव्हतं. पुढे कंपनी बुडाली आणि तिनं वहीतल्या माणसांना दोन-दोन वाफे नावावर करून दिले. आईला मिळाले. बापानं त्या वर्षी खाडे केले होते, म्हणून त्याला मिळाले नाहीत. एका घरात दोघांना कशाला, असंच तेव्हा दोघांना वाटलं होतं.

"तिचा खांदा तू मोडलास," बाप म्हणाला. "दाताळ्याच्या दांड्यानं."

"माझी बायको, माझं दाताळं."

आईचा डावा हात कधी खांद्याच्या वर गेला नाही. लेकीची वेणी ती एका हातानं घालायची आणि दुसरं टोक लेकीनं दातांत धरायचं. लहानपणी लेकीला वाटायचं, वेण्या अशाच घालतात.

"जा इथून," लेक म्हणाली.

"जातो की. आठ दिवसांनी कचेरीत तारीख आहे, तोवर इथेच आहे मी, थांब्यावरच्या शेडमध्ये." गवंडी बापाकडे वळला. शेजारच्या वाफ्यातली माणसं काम सोडून बघत होती. त्यांना ऐकू जाईल असा त्यानं आवाज काढला. "ठेवलेली बाई ऐकली होती लोकहो. ठेवलेला बाप्या आज पहिल्यांदा बघतोय."

कुणीतरी हसलं. कोण ते लेकीला दिसलं नाही. बापानं डबा घेतला नाही. तो परत दाताळ्याला लागला. पहिला ओढा वाकडा गेला.

दुसऱ्या दिवशी लेक जुन्या कारकुनाकडे गेली. आता तो खाटेवर बसून असायचा. खाटेखाली पत्र्याची पेटी होती आणि पेटीत वह्या. कंपनी गेली, पण वह्या त्यानं सोडल्या नव्हत्या.

"बाई गं, किती संसार मोडले मी या हातानं!" तो म्हणाला. "देवानं जोडावं आणि मी रेघ मारावी. एकदा एका जोडप्याची रेघ मारून वही मिटली, तर दुपारी दोघं हसत हजर. म्हणे, परत लावा. म्हटलं, शाई काय फुकट येते?"

"हे कायद्यानं चालायचं का?"

"आम्हाला कायदा कुठे ठाऊक होता? आणि ठाऊक असता तरी कचेरी बारा कोसांवर, त्यात एक दिवसाचा खाडा. पहिलं लग्न नोंदायला जायचे, कारण दाखल्याशिवाय कंपनी खोली द्यायची नाही. एकदा खोली मिळाली की दाखला कोण विचारतो?"

त्यानं वही शोधून दिली. पानं ओलीनं फुगली होती. आईची ओळ सापडली; तांबडी रेघ, दोन अंगठे. शाईचे नुसते डाग. लेकीनं आईच्या डागावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग तिची नजर त्याच पानावर खाली गेली. आठ दिवसांनंतरची तारीख. गवंड्याचं नाव, शेजारी दुसऱ्या बाईचं. नवीन जोडी. बापाची आणि आईची ओळ तिथून पाच पानं पुढे होती, वर्षभरानंतरची.

"यानं दुसरं लग्न केलं?"

"केलं की. त्याच बाईबरोबर नांदतोय अजून. दोन पोरं आहेत. पुढे त्यानं मीठ सोडून थापी धरली." कारकुनानं तिच्याकडे नीट पाहिलं. "वही नेतेस? ने. पण जपून. पानं नाहीत ती, भिजलेले पापड आहेत."

लेकीनं वही घरी आणली, पण बापाला काही सांगितलं नाही.

गवंडी रोज बांधावर येऊन बसायचा. काळी छत्री उघडून, पाय वाफ्याकडे सोडून. "तो कोपरा राहिला," म्हणायचा. "कड मारून घे, कड. अर्धं मीठ माझं आहे, पाण्यात सोडू नकोस." बाप ऐकायचा नाही आणि तरी कोपऱ्याकडे जायचा, कारण कोपरा खरंच राहिलेला असायचा. लेक पाट्या वाहू लागली होती. शाळेच्या खुर्चीवर बसलेली मान. तिसऱ्या पाटीलाच ती वळेनाशी व्हायची.

चौथ्या दिवशी बसमधून एक बाई उतरली आणि विचारत विचारत बांधावर आली. ठेंगणी, रुंद हाडाची, हातात नवऱ्याचा डबा. गवंडी तिला बघून उठलाच.

"तू कशाला आलीस?"

"चार दिवस घरी नाही, औषध घरी पडलंय, मग कशाला आलीस म्हणे." तिनं औषधाची पुडी त्याच्या हातात कोंबली आणि लेकीकडे बघून हसली. "यांचं ते जुन्या कंपनीचं काम. हक्काची जागा निघतेय म्हणतात. झालं का हो तुमचंही?"

लेकीनं गवंड्याकडे पाहिलं. त्यानं छत्री खाली घेतली.

"नाही अजून," लेक म्हणाली.

गवंडीण थोडा वेळ बसली, बापाचं एकट्याचं ओढणं बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि बांधावर पडलेली दुसरी पाटी उचलली. आईची. "तीस वर्षं झाली हात लावून," ती म्हणाली. "बघू, मान आठवते का." तिची मान विसरली नव्हती. दुपारपर्यंत तिनं वीस-बावीस पाट्या वाहिल्या, एक दाणा न सांडता. बाप ओढायचा, ती रिकामी करून परत येईपर्यंत बरोबर पुढचा ढीग तयार असायचा. दोघं एक शब्द बोलले नाहीत. गवंडी बांधावरून ओरडला, "खुळी झालीस का? लोकांची हमाली करतेस?" ती म्हणाली, "आभाळ बघा आधी वर. माणसाचं मीठ असं जाऊ द्यायचं नसतं."

त्या दुपारी लेक तिच्या शेजारी दोनदा पाणी प्यायली. सांगायला पुष्कळ वेळ होता.

तारखेला कचेरीत सहाजण होते: साहेब, त्याचा शिपाई, गवंडी, बाप, लेक आणि भिंतीकडेच्या बाकावर डबा मांडीवर धरलेली गवंडीण. तिनं येऊ नये म्हणून गवंड्यानं सकाळी बराच आरडाओरडा केला होता. म्हणूनच ती आली होती.

साहेबानं बापाला विचारलं, "तुमचं मयत बाईशी नातं?"

"नवरा," बाप म्हणाला.

"दाखला?"

 बापानं टोपी काढून हातात घेतली होती, ती तो पिळत होता.

"नाही," साहेबानं स्वतःच उत्तर दिलं आणि लिहिलं. "बसा तिकडे. तिकडे नाही, ती पक्षकारांची खुर्ची आहे."

बाप दाराशी जाऊन उभा राहिला. शिपायानं त्याला दारातूनही थोडं बाजूला केलं.

"प्रतिज्ञापत्र करून द्या," साहेब गवंड्याला म्हणाला. "छापील आहे. खाली सही."

गवंड्यानं पेन हातात घेतलं. लेक उभी राहिली. तिचा आवाज वर्गातला निघाला.

"साहेब, मोठ्यानं वाचा. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही."

"दिसतं मला," गवंडी म्हणाला.

"वाचायचं असतंच," साहेब म्हणाला आणि एका सुरात वाचू लागला. "मी शपथेवर लिहून देतो की मयत बाई ही माझी लग्नाची बायको होती, आमचं लग्न तिच्या मृत्यूपर्यंत कायम होतं, त्यानंतर मी दुसरं लग्न केलेलं नाही, आणि तिच्याशिवाय मला दुसरी बायको नाही व नव्हती."

 बाकावर डब्याचं झाकण वाजलं.

"परत वाचा," गवंडीण म्हणाली.

साहेबानं चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कोण?"

"तेच विचारतेय मी."

"अगं, ते नुसतं कागदावर," गवंडी म्हणाला. "कागदाचं काय एवढं..."

"मलाही कागदावरच केलंत ना? त्याच वहीत?"

लेकीनं वही साहेबापुढे ठेवली, पान उघडून. साहेबानं ते दोन बोटांनी धरून पाहिलं. तांबडी रेघ पाहिली, खालची ओळ पाहिली. बराच वेळ त्याला हसू आवरत नसावं, मग आवरलं.

"ही मजुरीची वही आहे," तो म्हणाला. "हिच्यानं लग्न लागत नाही, मोडत नाही. पहिलं मोडलं नाही, म्हणून यांचं पुढचं झालं नाही. तुमच्या आईचंही झालं नाही. बाई, तुमचंही नाही. एकाच काठीनं दोघींना."

"म्हणजे मी ठेवलेली," गवंडीण म्हणाली.

 बापानं दारातून मान खाली घातली.

"करा सही," ती गवंड्याला म्हणाली. "थांबलात का? मिठाचे वाफे घ्या. पण मग येऊ नका. घर माझ्या नावावर आहे. तुम्हीच केलंत, कुणी जप्ती आणू नये म्हणून. माझ्या घरात मी परका पुरुष ठेवत नाही. पोरांना मी सांगते, तुमच्या बापाची बायको मेली, तो तिकडे सुतक धरून बसलाय."

गवंड्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. थापी धरून वाकडी झालेली बोटं, आणि आता थापीही न धरवणारी. त्यानं बाकाकडे बघितलं, मग वहीकडे.

"दावा मागे घेतलात तर माझ्यापुढे काही प्रश्नच नाही," साहेब म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं. "मी आपण होऊन कुणाची लग्नं उकरत बसत नाही. तुम्ही लिहून द्या, दोघांच्या मर्जीनं तेव्हाच मोडलं, माझा हक्क नाही. मग दाराशी उभा आहे तो मयत बाईचा नवरा, तुम्ही यांचे नवरे. कुणी विचारेपर्यंत सगळं कायदेशीर."

गवंड्यानं तसं लिहून दिलं. साहेबानं बापाला बोलावलं, नात्याच्या रकान्यात आधीचं खोडून 'पती' लिहिलं आणि गवंड्याची सही असलेल्या नकलेवर शिक्का मारून ती लेकीच्या हातात दिली.

बाहेर पायऱ्यांवर गवंडी बापाची वाट अडवून उभा राहिला. "माझी सही आहे म्हणून तू तिचा नवरा. लक्षात ठेव. मी दिलाय तुला."

"आणि बाईंनी घरात घेतलं म्हणून तुम्ही," लेक म्हणाली.

गवंडीण मागून उतरत होती. ती लेकीसमोर थांबली. डोळे कोरडे होते.

"त्या दिवशी वाफ्यात तुला माहीत होतं?"

"हो."

"मी पाट्या वाहत होते तेव्हा?"

"हो."

"बाजूला घेऊन सांगायचंस. मीच याला ओढत नेलं असतं." तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "याच्या तोंडाला हाड नाही, हे मी तीस वर्षं बघतेय. तू शिकलेली. तुझ्या बापाला यानं चारचौघांत ठेवलेला म्हटलं म्हणे, तर तू मला चारचौघांत ठेवलेली म्हणायला लावलंस. मिठाला जागावं म्हणतात. मिठागरातल्यांनाच ते ठाऊक नाही." आणि गवंड्याला म्हणाली, "चला. माझ्यापुढे चालू नका."

बसमध्ये बाप खिडकीशी बसला. लेकीनं दोनदा कागद पुढे केला. त्यानं हात लावला नाही.

"झालं ना सगळं मनासारखं?" ती शेवटी चिडून म्हणाली. "वाफे राहिले. नवरा म्हणून नाव लागलं. आता काय?"

"त्या बाईला कशाला मध्ये घेतलंस?"

"नसतं घेतलं तर आज तुम्ही रस्त्यावर असता."

"असतो," बाप म्हणाला.

थांब्यावर उतरले तेव्हा आभाळ आणखी खाली आलं होतं. एक वाफा निघाला होता, दुसरा अर्धा बाकी. बाप घराकडे न वळता सरळ बांधाला लागला. लेक मागून म्हणाली, "मी हा कागद घरात ठेवून येते. आईच्या पेटीत."

तो थांबला. वळला नाही.

"त्याच्यावर त्याची सही आहे ना?"

"आहे. तीच तर पाहिजे होती."

"मग घरात नको."

"बाबा, हा कागद आहे म्हणून तुम्ही तिचे नवरे आहात. नाहीतर कोण?"

"कागद आज झाला," बाप म्हणाला. "तो वाफ्यांसाठी आहे ना? मग वाफ्यावर ठेव."

बांधावरच्या खोपटात पाण्याच्या इंजिनाची कागदपत्रं आणि सुटे नटबोल्ट ठेवायचा एक डबा होता. लेकीनं कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यात घातला आणि झाकण दाबून बसवलं. ती बाहेर आली तेव्हा बापानं पहिला ढीग ओढून ठेवला होता आणि दाताळ्यावर हात टेकून तिच्याकडे बघत उभा होता.

"ये लवकर," तो म्हणाला. "अर्धा राहिलाय."